कॅमेऱ्याच्या फोटोंना संगणकावर स्थाननोंद कशी जोडावी

मोबाइलवर काढलेला फोटो कुठे काढला आहे, याची नोंद बहुतेक वेळा त्या फोटोतच असते, कारण लोकेशन चालू असेल तर फोन त्या क्षणीचे अक्षांश-रेखांश फाइलमध्ये लिहून ठेवतो. डीएसएलआर आणि मिररलेस कॅमेऱ्यांचे तसे नसते. काही मोजक्या मॉडेलांत जीपीएस अंगचेच असते, काही कॅमेरे ब्लूटूथवरून फोनकडून स्थान घेतात, परंतु इतरांच्या फोटोंत तारीख, वेळ, लेन्स, शटरचा वेग या सगळ्यांची नोंद असते आणि ठिकाणाचा रकाना तेवढा कोरा राहतो. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना ही उणीव लवकर जाणवते. चार पावसाळ्यांनंतर एखाद्या हिरव्या डोंगरधारेचा फोटो समोर आला, की तो रतनगडावरून घेतला की हरिश्चंद्रगडावरून, यावर एकाच गटातील माणसांचे एकमत होत नाही. फोटो विकिमीडिया कॉमन्सवर द्यायचा असेल, एखाद्या वनस्पतीची नोंद आयनॅचरलिस्टवर करायची असेल किंवा गडावरील पाण्याच्या टाक्यांची यादी नकाशावर मांडायची असेल, तर मग स्मरणावर विसंबून भागत नाही.

हा कोरा रकाना घरी आल्यावर संगणकावर भरता येतो आणि त्यासाठी लागणारी साधने फुकट मिळतात. मार्ग दोन आहेत. भटकंतीच्या वेळी फोनवर किंवा घड्याळावर वाटेची नोंद, म्हणजे ट्रॅक, घेतलेला असेल तर तो ट्रॅक आणि फोटो यांची वेळेवरून सांगड घालता येते. तसा ट्रॅक नसेल तर फोटो एकेक करून नकाशावर ठेवावे लागतात. पहिला मार्ग शेकडो फोटो असले तरी काही मिनिटांत संपतो. मात्र त्यात सगळे काम घड्याळाचे आहे, नकाशाचे फारच थोडे, ही गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घेतली पाहिजे. कॅमेऱ्याची वेळ बरोबर लावली की ठिकाण आपोआप बरोबर येते. ती चुकली तर कितीही चांगले सॉफ्टवेअर घेतले तरी फोटो भलतीकडे जाऊन बसतात.

घरातून निघताना

ट्रॅक नोंदवण्यासाठी ओएसएमअँड, जीपीएसलॉगर, विकिलॉक, स्ट्राव्हा यांपैकी कोणतेही ॲप चालते. गार्मिनसारखे मनगटी घड्याळ असेल तर तेही चालते. अट एवढीच, की त्यातून ट्रॅक जीपीएक्स या स्वरूपातील फाइल म्हणून बाहेर काढता आला पाहिजे. पायी चालताना दर ५ ते १० सेकंदांनी एक बिंदू नोंदवला जाईल अशी सेटिंग पुरेशी आहे. अँड्रॉइड फोनवर बॅटरी वाचवण्यासाठी पडद्याआड चालणारी ॲप बंद केली जातात, म्हणून ट्रॅक नोंदवणाऱ्या ॲपला बॅटरीच्या सेटिंगमध्ये सूट द्यावी, नाहीतर फोन खिशात गेल्यावर थोड्याच वेळात ट्रॅक तुटतो आणि ते संध्याकाळपर्यंत कळत नाही. गडांवर रेंज नसते आणि नेटवर्क शोधण्यातच फोनची बॅटरी उतरते, तेव्हा फोन एअरप्लेन मोडवर ठेवण्यास हरकत नाही. जीपीएसचे काम केवळ उपग्रहांचे संदेश ऐकण्याचे असल्यामुळे ते त्या मोडमध्येही चालते. फक्त पहिल्यांदा स्थान सापडायला जरा अधिक वेळ लागतो, म्हणून रेंज असेपर्यंत पायथ्याच्या गावातच ट्रॅक सुरू करून घ्यावा.

याच वेळी आणखी एक काम करावे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रक्रियेत याहून मोलाचे दुसरे काम नाही. सेकंद दिसतील असे घड्याळ फोनच्या पडद्यावर उघडावे आणि कॅमेऱ्याने त्याचा एक फोटो काढून ठेवावा. फोनचे घड्याळ नेटवर्कवरून जुळवलेले असते, त्यामुळे ते बिनचूक धरता येते. कॅमेऱ्याचे घड्याळ मात्र कधीतरी हाताने लावलेले असते, दर महिन्याला थोडे मागे किंवा पुढे सरकत जाते आणि बॅटरी बराच काळ बाहेर राहिली तर पार मूळपदावर जाते. घड्याळाच्या त्या एका फोटोत दोन्ही वेळा सापडतात: चित्रात दिसणारी खरी वेळ आणि फाइलमध्ये लिहिलेली कॅमेऱ्याची वेळ. दोन कॅमेरे असतील तर प्रत्येकाने असा एकेक फोटो घ्यावा.

संगणकावरचे काम

पुढील पद्धत डिजिकॅम या मुक्त सॉफ्टवेअरमधील आहे. ते विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते, फोटो इंटरनेटवर चढवत नाही आणि स्थाननोंद थेट फाइलमध्ये लिहू शकते, म्हणून सुरुवात करणाऱ्याने तेच घ्यावे असे मला वाटते. त्याचे रूप किंचित रुक्ष आहे खरे, पण ते सरावाचे होते.

कार्डावरील फोटो संगणकावर उतरवल्यानंतर त्यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी आणि मगच कामाला लागावे, कारण आता आपण मूळ फाइलींना हात लावणार आहोत. प्रथम घड्याळाचा फोटो उघडावा. समजा चित्रातील फोनवर ६ वाजून १२ मिनिटे ४० सेकंद दिसत आहेत आणि फोटोच्या नोंदीत ६ वाजून १६ मिनिटे ५ सेकंद लिहिले आहेत, तर कॅमेरा ३ मिनिटे २५ सेकंद पुढे आहे. चढणीवर ताशी ३ किलोमीटर वेगाने चालणारा माणूस एवढ्या वेळात सुमारे १७० मीटर पुढे जातो, म्हणजेच प्रत्येक फोटो वाटेवर तेवढा पुढे सरकून बसेल. तीच चूक ताशी ६० किलोमीटर वेगाच्या गाडीतून काढलेल्या फोटोंत झाली, तर फरक साडेतीन किलोमीटरांच्या आसपास जातो आणि घाटाच्या माथ्यावरचा फोटो पायथ्याशी उतरतो.

हा फरक दुरुस्त करण्याची सोय सांगड घालणाऱ्या खिडकीतही आहे, परंतु मी ती वापरत नाही. आधी सर्व फोटो निवडून 'आयटम' मेनूतील 'ॲडजस्ट टाइम अँड डेट' या सोयीने त्यांची वेळच ३ मिनिटे २५ सेकंदांनी मागे घ्यावी. तेथे घड्याळाच्या फोटोवरून फरक काढून देण्याचीही व्यवस्था आहे. असे केल्याने स्थाननोंद तर बरोबर येतेच, शिवाय फोटोंची वेळ कायमची खरी होते आणि दोन कॅमेऱ्यांचे फोटो एकत्र केल्यावर त्यांचा क्रम बिघडत नाही.

त्यानंतर पुन्हा सर्व फोटो निवडून त्याच मेनूतील 'एडिट जिओलोकेशन' उघडावे. खिडकीत एका बाजूला नकाशा, खाली फोटोंची यादी आणि कडेला काही टॅब दिसतात. त्यांपैकी 'जीपीएस कोरिलेटर' या टॅबवर जाऊन जीपीएक्स फाइल उघडावी. कॅमेऱ्याच्या वेळेचा पट्टा (टाइम झोन) विचारला जाईल, तेथे ग्रीनविचच्या पुढे ५ तास ३० मिनिटे असा पट्टा निवडून 'कोरिलेट' हे बटण दाबावे. फोटो नकाशावर वाटेच्या कडेने मांडले जातात. या टप्प्यावर फाइलींत अद्याप काहीही लिहिलेले नसते, म्हणून येथे घाई करू नये. ज्यांचे ठिकाण शंभर टक्के ठाऊक आहे असे दोन-तीन फोटो तपासावेत. हरिश्चंद्रगडाच्या भटकंतीत हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिराचा फोटो मंदिराच्या आवारात आणि कोकणकड्याच्या टोकावरचा फोटो कड्याच्या काठावर बसला असेल, तर बाकीचेही बरोबर आहेत असे धरता येते. सगळे फोटो एकाच दिशेने सारखे सरकलेले दिसले, तर घड्याळाचा हिशेब उलट चिन्हाने झाला आहे असे समजावे. खात्री पटल्यावरच 'अप्लाय' दाबावे.

वेळेच्या पट्ट्याचा मुद्दा जरा उलगडून सांगणे आवश्यक आहे. जीपीएक्स फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली तर प्रत्येक बिंदूच्या ओळीत अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ हे चारही मजकूर वाचता येतात. ती वेळ मात्र भारतीय नसते, ती यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते आणि तिच्या शेवटी इंग्रजी झेड हे अक्षर असते. सकाळी साडेसहाला नोंदवलेला बिंदू त्या फाइलीत १ वाजताचा दिसतो आणि पहाटे साडेचारचा बिंदू आदल्या तारखेच्या रात्री ११ वाजताचा. रात्रीच्या ट्रेकची फाइल पाहून तारीख चुकली असे अनेकांना वाटते. ती चुकलेली नसते. उलट कॅमेरा आपल्याला दिसणारी स्थानिक वेळ लिहितो आणि जुने कॅमेरे तर ती कोणत्या देशाची हेही लिहीत नाहीत. फोटोच्या फाइलीत तारीख, वेळ, स्थान कसे लिहायचे हे ठरवणाऱ्या एक्झिफ या मानकात वेळेचा पट्टा लिहिण्याची तरतूद २०१६ साली आली. म्हणून तो पट्टा आपणच सांगावा लागतो. पट्टा अजिबात सांगितला नाही तर साडेपाच तासांचा फरक पडून बहुधा एकही फोटो जुळत नाही, आणि ते बरेच म्हणायचे, कारण चूक लगेच उघडी पडते. साडेपाचऐवजी पाच तास निवडले गेले तर मात्र फोटो जुळतात, पण अर्ध्या तासाने चुकून. परदेशी गेलेल्यांनी कॅमेऱ्याची वेळ तेथे पोहोचल्यावर बदललीच पाहिजे असे नाही. कॅमेरा भारतीय वेळेवर राहिला असेल तर लंडनमधील फोटोंसाठीही ५ तास ३० मिनिटे हाच पट्टा निवडावा. सॉफ्टवेअरला आपण कुठे होतो याच्याशी नव्हे, तर कॅमेऱ्याचे घड्याळ कुठले आहे याच्याशीच कर्तव्य असते.

ट्रॅक जेथे तुटतो

प्रत्येक फोटोच्या नेमक्या सेकंदाला ट्रॅकमध्ये बिंदू असतोच असे नाही. जवळचा बिंदू किती सेकंदांपर्यंतचा चालेल, हे 'मॅक्झिमम टाइम गॅप' या चौकटीत सांगता येते आणि दोन बिंदूंच्या मधले स्थान अंदाजाने काढण्याची परवानगीही देता येते. हा अंदाज म्हणजे दोन बिंदूंमधली सरळ रेषा असते, एवढे ध्यानात ठेवले की तो कधी वापरावा हे ठरवणे सोपे जाते. कार्ल्याच्या चैत्यगृहात किंवा केदारेश्वराच्या गुहेत उपग्रहांचे संदेश पोहोचत नाहीत, परंतु माणूस आत गेला आणि त्याच तोंडाने बाहेर आला, तेव्हा मधला अंदाज खऱ्याच्या अगदी जवळ पडतो. मुंबई-पुणे रेल्वेच्या बोरघाटातील बोगद्यांत तसे होत नाही. तेथे मार्ग वळणावळणाचा असतो आणि सरळ रेषा दरी ओलांडून जाते. अशा प्रवासाच्या फोटोंना अंदाज बंद ठेवून जेवढे जुळतील तेवढेच जुळू द्यावेत.

उघड्या आकाशाखाली फोनचे स्थान साधारण ५ मीटरांच्या आत बरोबर असते. उंच कड्याच्या कुशीत, नळीच्या वाटेसारख्या अरुंद घळीत उपग्रहांचे संदेश खडकावर आपटून येतात आणि ट्रॅक वाटेच्या दोन्ही बाजूंना उड्या मारतो. त्याला इलाज नाही. असे थोडे फोटो नंतर हाताने सरकवावेत.

उंचीबद्दल एक सूचना. जीपीएस मूलतः जी उंची मोजते ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची असते आणि महाराष्ट्रात ती समुद्रसपाटीपासूनच्या उंचीपेक्षा ५० मीटरांहून अधिक कमी भरते. काही ॲप ही दुरुस्ती स्वतः करतात, काही करत नाहीत. १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या माथ्यावर सोळाशेच्या आतला आकडा दिसला, तर यंत्र बिघडले असे समजण्याचे कारण नाही.

ट्रॅक नसेल तेव्हा

त्याच खिडकीत यादीतील फोटो उचलून नकाशावर सोडला की त्याला ते स्थान मिळते, आणि एका ठिकाणचे बरेच फोटो एकत्र निवडून एकदमच सोडता येतात. येथे ठरवावे लागते ते असे, की बिंदू कशाचा द्यायचा: कॅमेऱ्याचा की फोटोतील वस्तूचा? कॅमेरे आणि फोन स्वतःचे, म्हणजे फोटो काढणारा जेथे उभा होता तेथले, स्थान लिहितात, म्हणून हाताने भरतानाही तोच नियम पाळावा. कोकणकड्याचा सर्वांत भव्य फोटो खालून, बेलपाड्याच्या बाजूने मिळतो. त्या फोटोचा बिंदू बेलपाड्यालाच द्यावा आणि कोकणकडा हे नाव शीर्षकात किंवा कीवर्डमध्ये घालावे. बिंदू कड्यावर ठेवला तर ते दृश्य नेमके कोठून दिसते, ही त्या फोटोतील सर्वांत उपयोगी माहितीच नाहीशी होते.

आकडे टाइप करून भरायचे असतील तर गुगल मॅप्समध्ये संगणकावर त्या जागी उजवे क्लिक केल्यास मेनूच्या पहिल्याच ओळीत अक्षांश आणि रेखांश दशांशात मिळतात. गेटवे ऑफ इंडियासाठी ते साधारण १८.९२२० आणि ७२.८३४७ असे येतात. दशांशानंतर चार-पाच आकडे पुरतात, कारण पाचव्या स्थानावरील एका अंकाचा अर्थ जमिनीवर सुमारे एक मीटर होतो. क्रम मात्र सांभाळावा: अक्षांश आधी, रेखांश नंतर. ते उलटसुलट झाले तर गेटवे ऑफ इंडिया नॉर्वेतील त्रोम्सो शहराच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडते. याहून चकवणारी चूक दिशेची आहे. एक्झिफमध्ये रेखांशाचा आकडा चिन्हाविना लिहिलेला असतो आणि तो पूर्वेचा की पश्चिमेचा हे एका वेगळ्या रकान्यातील अक्षराने कळते. डिजिकॅमसारखी सॉफ्टवेअर हा रकाना स्वतः भरतात. परंतु एक्झिफटूलसारख्या आज्ञावलीने काम करणाऱ्या साधनात रकाने आपणच नावाने भरायचे असतात, आणि तेथे पूर्वेच्या जागी पश्चिम गेले तर पुण्या-मुंबईचे सगळे फोटो कॅरिबियन समुद्रात, हैती देशाच्या आसपास दिसू लागतात. फोटो आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात दिसला, तर तो शून्य अक्षांश व शून्य रेखांशावर बसला आहे, म्हणजे रकान्यात काही तरी लिहिले गेले पण स्थान मिळालेच नव्हते.

आईवडिलांच्या काळातील स्कॅन केलेल्या फोटोंना याच पद्धतीने हाताने स्थान द्यावे लागते. त्यांच्या फाइलीत वेळ असलीच तर ती स्कॅन केल्याची असते, म्हणून आधी तारीख दुरुस्त करावी. आणि नेमके घर आठवत नसेल तर गावाच्या मध्यावर बिंदू ठेवून मजकुरात तसे लिहावे. अंदाजाच्या बिंदूला पाच दशांश स्थळे दिल्याने तो खरा होत नाही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेल्या चित्रांचीही अशीच अवस्था असते, कारण पाठवताना त्यांतील वेळ आणि स्थान दोन्ही गळून पडते. मित्रांकडून फोटो मागवताना ते डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावे.

नोंद फाइलीत गेली का

ठिकाण नकाशावर दिसणे आणि ते फाइलीत लिहिले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲपलच्या फोटोज या ॲपमध्ये दिलेले स्थान त्याच्या लायब्ररीत राहते. फोटो बाहेर काढताना स्थानाची माहिती समाविष्ट करण्याची खूण केली तरच ते बाहेर पडणाऱ्या प्रतीत जाते. गुगल फोटोजमध्ये भरलेले स्थान तुमच्या संगणकावरील मूळ फाइलीपर्यंत येत नाही. लाइटरूम क्लासिकच्या मॅप या विभागात जीपीएक्स ट्रॅक उघडून, वेळेचा फरक देऊन फोटोंना आपोआप स्थान देण्याची उत्तम सोय आहे, परंतु तेही आधी कॅटलॉगमध्ये जाते आणि मेटाडेटा, म्हणजे फोटोविषयीच्या या नोंदी, फाइलीत साठवण्याची आज्ञा स्वतंत्रपणे द्यावी लागते. उद्या सॉफ्टवेअर बदलले किंवा वर्गणी थांबली, तर कॅटलॉगमधील श्रम तिथेच अडकतात. म्हणून नोंद फाइलीत किंवा तिच्या शेजारी असावी याबद्दल मी आग्रही आहे.

शेजारी म्हणण्याचे कारण रॉ फाइली, म्हणजे कॅमेऱ्याने जेपीईजी न बनवता साठवलेल्या कच्च्या फाइली. निकॉन, कॅनन, सोनी या प्रत्येकाचे रॉ स्वरूप निराळे आणि त्या कंपनीचे स्वतःचे असते, तेव्हा त्यात ढवळाढवळ न करता त्याच नावाची, फक्त नोंदी असलेली एक छोटी एक्सएमपी फाइल शेजारी ठेवावी. डिजिकॅमच्या मेटाडेटाच्या सेटिंगमध्ये तसे सांगता येते. फोटो दुसरीकडे हलवताना ही जोडफाइल मागे राहणार नाही, याची काळजी घ्यावी. जेपीईजीमध्ये नोंद थेट लिहायला अडचण नाही, कारण त्याने चित्राच्या दर्जाला धक्का लागत नाही. शेवटी तपासणी दुसऱ्याच साधनाने करावी: विंडोजमध्ये फाइलीच्या प्रॉपर्टीजमधील डिटेल्स या टॅबवर अक्षांश-रेखांश दिसतात (तेथे ते बदलता येत नाहीत), आणि मॅकवर प्रिव्ह्यूच्या इन्स्पेक्टरमध्ये जीपीएसचा टॅब उघडतो.

फोटो इतरांना देण्यापूर्वी काही नोंदी काढूनही टाकाव्या लागतात. घरातले आणि मुलांच्या शाळेच्या आवारातले फोटो त्यांत मोडतातच, शिवाय दुर्मीळ आमरीचा फोटो किंवा गिधाडाच्या घरट्याचा फोटोही मोडतो, कारण पाच मीटरांपर्यंत अचूक असलेला पत्ता झाड उपटून नेणाऱ्याच्याही हाती पडू शकतो. आयनॅचरलिस्टवर धोक्यात असलेल्या जातींचे ठिकाण आपोआप धूसर केले जाते. परंतु मूळ फाइल कुणाला मेलने पाठवली तर ते संरक्षण तेथे नसते. अशा वेळी विंडोजमधील प्रॉपर्टीजच्या त्याच टॅबवर तळाशी असलेली 'रिमूव्ह प्रॉपर्टीज अँड पर्सनल इन्फर्मेशन' ही ओळ वापरून स्थान काढलेली वेगळी प्रत तयार करावी आणि तीच पाठवावी. नोंद असलेली मूळ फाइल आपल्याकडेच राहू द्यावी.